जास्तीची फेरी

आमच्या घरात शांतता असायची ती फक्त रविवारी सकाळी, आजूबाजूचे सगळे चर्चला गेले की. ती मला सहन व्हायची नाही. एरवी काही ना काही आवाज चालू असायचाच. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावातल्या कापडगिरणीत विणाई खात्याचे साहेब होते. इचलकरंजीपासून थेट अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनापर्यंत त्यांनी मागांची खडखड ऐकली, त्यात त्यांचे कान निम्मे गेले, आणि घरातसुद्धा ते शेडच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तसे बोलायचे. "जरा मीठ दे" हे सगळ्या आळीला कळायचं. आईचा आवाज बारीक, पण तिची भांडी बोलायची. कढई सिंकमध्ये कशी पडते यावरून आज अण्णांचं काही खरं नाही हे मला कळत असे. आणि या सगळ्यावर शेजारच्या गॅरेजातलं इंजिन. शेजारचे क्लाइड अण्णांच्याच खात्यात फोरमन होते. पाळी संपवून घरी आले की हातपाय न धुता थेट गॅरेजात शिरायचे, आणि जेवायची हाक येईपर्यंत ते इंजिन गुरगुरायचं, खोकायचं, बंद पडायचं, परत गुरगुरायचं. आमच्या खिडकीच्या काचा थरथरायच्या. आई म्हणायची, "क्लाइडभावजी आले वाटतं. चला, भात टाकते."

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथली बरीच माणसं अजून आहेत, आणि नावानिशी उल्लेख व्हावा असं त्यांनी काही केलेलं नाही. केलंय ते मी. मी चौदा वर्षांची असताना आम्ही तिथे आलो आणि आल्या दिवसापासून मला तिथून निघायचं होतं. कुठे, ते ठाऊक नव्हतं. शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर मी शहरांची नावं लिहून काढायची आणि आठवड्याने ती खोडून दुसरी लिहायची. गावात एकच मोठा रस्ता, तो गिरणीपासून निघून न्हाव्याचं दुकान, पोस्ट आणि तीन चर्च पार करून परत गिरणीपाशीच यायचा. संध्याकाळी मी सायकल काढून त्या रस्त्याने चकरा मारत बसायची. अण्णा विचारायचे, "अगं शैला, किती वेळा जाशील? हरवलंय का काही तिकडे?"

आईचं दुःख वेगळं होतं. ती बाहेर जातच नसे. तिला इंग्रजी वाचता यायचं, थोडंफार समजायचं, पण बोलायची वेळ आली की ती माझ्याकडे बघायची. दुकानात, दवाखान्यात, बँकेत, गिरणीच्या मोठ्या साहेबांच्या बायकोसमोर, सगळीकडे मीच तिचं तोंड. ती मराठीत सांगणार, मी इंग्रजीत. सुरुवातीला मला त्याचं अप्रूप होतं, मग कंटाळा आला, मग मी तिचं म्हणणं छाटून सांगायला लागले. ती दवाखान्यात पाच वाक्यं बोलली की मी डॉक्टरांना एक सांगायची. ती म्हणायची, "एवढंच? मी तर पुष्कळ बोलले." मी म्हणायची, "आई, इंग्रजीत कमी शब्द लागतात." बिचारीने ते बरीच वर्षं खरं मानलं, असं मला वाटत होतं.

स्वयंपाकघरात मात्र तिला कोणाच्या मदतीची गरज नव्हती. ज्वारी मिळेना तेव्हा तिने मक्याच्या पिठाच्या भाकऱ्या थापायला सुरुवात केली. पहिल्या पंधरा दिवसांच्या भाकऱ्या तव्यावर तुटायच्या आणि आम्ही त्यांचे तुकडे ताकात कुस्करून खायचो. क्लाइड यांची बायको रूबी परसातल्या कॉलर्ड नावाच्या पालेभाजीच्या जुड्या आणून द्यायची, आई त्यांची दाण्याचं कूट घालून पातळ भाजी करायची. रूबीच्या भेंड्या एवढ्या यायच्या की दोन्ही घरांत ऑगस्टभर दुसरं काही शिजत नसे. ती मक्याच्या पिठात घोळून तळायची, आई चिंच-गूळ घालून परतायची, आणि कुंपणावरून वाट्यांची देवघेव व्हायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. "गुड?" "गुड, गुड." एवढ्यावर त्यांचं चालायचं. पण ते कुंपणापुरतं. गावातल्या इतर बायका आईला बघून हसायच्या आणि पुढे जायच्या. पाच वर्षांत कोणी तिला घरी बोलावलं नाही, आणि तिला ते लागायचं. एकदा चहा गाळताना ती म्हणाली, "मला इथे कोणी ओळखतच नाही गं. मी मेले तर तुझ्या अण्णांची बायको मेली म्हणतील." मी तिथून उठून सायकलवर गेले. मला अशा वेळी थांबताच यायचं नाही.

त्या गावात वर्षभर थांबून राहावं असं एकच काही होतं, सप्टेंबरातल्या दुसऱ्या शनिवारची शर्यत. गावाबाहेर अर्ध्या मैलाचा लंबगोल ट्रॅक होता. तसा तिथे उन्हाळाभर दर आठवड्याला गाड्यांचा धुरळा असायचा, पण दोनशे फेऱ्यांची मोठी शर्यत वर्षातून एकदाच. तिची सुरुवात दोन सख्ख्या भावांनी केली. तंबाखूच्या शेतात बैलांऐवजी मोटारी पळवून कोणाची चांगली यावरून ते इतके भांडले, की बापाने वैतागून शेताचा एक तुकडाच नांगरायचा सोडला आणि म्हणाला, घ्या, इथे काय ते ठरवा. आता यातलं खरं किती आणि नंतर चिकटवलेलं किती, कोण जाणे. लाल मातीचा ट्रॅक पुढे डांबरी झाला तेव्हा निम्म्या गावाने दोन वर्षं बहिष्कार घातला होता. एका वर्षी ऐन शर्यतीत गाय आत शिरली आणि तिच्या मालकाचीच गाडी तिला चुकवताना कुंपणात घुसली. जिंकणाऱ्याला करंडक वगैरे नाही, तर गावच्या सुताराने केलेली झुलती खुर्ची मिळे. त्याला त्याच गाडीच्या धुळीने माखलेल्या कपड्यांत खुर्चीत बसवायचं, सहा जणांनी ती खुर्ची खांद्यावर घ्यायची आणि ट्रॅकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची. मग प्रेक्षकांच्या पायऱ्यांमागच्या पत्र्याच्या मोठ्या फलकावर त्याचं नाव रंगवायचं. गावातली मुलं पाढे म्हणावेत तशी ती नावं म्हणून दाखवायची.

क्लाइड अठरा वर्षं ती शर्यत पळत होते. दोनदा दुसरे आले होते, एकदा शेवटून तिसऱ्या फेरीत टायर फुटला होता. त्या फलकावर त्यांचं नाव नव्हतं. रूबीने व्हरांड्यात एक जागा मोकळी ठेवली होती, तिथे ती कुंडीसुद्धा ठेवू द्यायची नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "ती खुर्चीची जागा आहे." मी ज्या वर्षाचं सांगतेय त्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी क्लाइड यांना बजावलं होतं की यंदा पळा, पण हे शेवटचं.

आता फेऱ्या मोजण्याबद्दल सांगायला हवं. हल्ली प्रत्येक गाडीच्या पोटाखाली एक डबी बसवतात आणि गाडी रेषेवरून गेली की कॉम्प्युटरला आपोआप कळतं. तेव्हा माणसं मोजायची. म्हणजे बायकाच. प्रत्येक गाडीची मोजणारी वेगळी, बहुतेक ड्रायव्हरची बायको नाहीतर बहीण. सुरुवातीच्या रेषेसमोर खांबांवर उभारलेला एक लांबट लाकडी माचा होता, वर पत्रा. तिथे बाकावर सगळ्या ओळीने बसायच्या. हातात एक ते दोनशे आकड्यांचा कागद. आपली गाडी समोरून गेली की समोरच्या मोठ्या घड्याळात बघून पुढच्या चौकोनात वेळ लिहायची. कागद जमा करून त्यावरून निकाल. या सगळ्यांच्या प्रमुख मिस अर्लीन, एका चर्चच्या ऑर्गनवादक. हडकुळ्या, गळ्यात दोरीने अडकवलेली पेन्सिल, आणि बाकावर कोणी गप्पा मारल्या तर नुसत्या बघायच्या. रूबीला गुडघ्यांमुळे शिडी चढवेना, तेव्हा क्लाइड यांच्या सतरा नंबरच्या गाडीचं मोजणं माझ्याकडे आलं. मला ते फार आवडायचं. एरवी मला पाच मिनिटं एका जागी बसवत नसे, पण त्या बाकावर मी दोन-दोन तास पापणी न हलवता बसायची. मी तिथे कोणाची मुलगी नव्हते. मी सतरा नंबर होते.

(चौथ्यांदा उठून आले. चहा केला, तो तसाच ओट्यावर राहिला. मी हे नॉर्थ कॅरोलायनातल्याच कॅरी शहरातल्या माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर लिहितेय. तो ट्रॅक आता विकला गेलाय, तिथे गोदामं होणार आहेत, येत्या सप्टेंबरात शेवटची शर्यत. गावातल्या काही लोकांनी शर्यतीच्या इतिहासाची पुस्तिका काढायचं ठरवलंय आणि हाताने मोजण्याच्या दिवसांवर दोन पानं लिहा म्हणून मला फोन केला. हो म्हणून बसले. दोन पानं लिहायला तीन दिवस गेले, आणि पुस्तिकेसाठी जे लिहिता येत नाही ते इथे मराठीत लिहितेय.)

त्या शनिवारी सकाळी विजा चमकून गेल्या आणि ट्रॅकवरचं मोठं घड्याळ आणि गाड्यांचे क्रमांक दाखवणारा फलक, दोन्ही बंद पडली. शर्यत पुढे ढकलणं शक्य नव्हतं, चार परगण्यांतून लोक आले होते. मिस अर्लीननी फर्मान काढलं, वेळ लिहायची नाही, नुसत्या काटा मारायच्या. पण प्रत्येक गाडीला दोन माणसं हवीत. एकीने गाडीवर नजर ठेवून आकडा सांगायचा, दुसरीने तो आकडा कागदावर काटायचा. बाकीच्यांनी बहिणी, नणंदा बोलावल्या. मी कोणाला बोलावणार? आई त्या दिवशी पहिल्यांदाच ट्रॅकवर आली होती, तीसुद्धा दशम्या आणि लसणाची चटणी घेऊन, रूबीच्या आग्रहाने. मी खाली धावत गेले.

"आई, वर चल. तुला काउंट करायचंय."

"मला? काय मोजायचं?"

"आपली गाडी. रेड अँड व्हाइट, सेव्हन्टीन नंबर. समोरून गेली की नंबर सांगायचा, माझ्या हाताला टॅप करायचं. बस्स. मी क्रॉस करते."

"इतक्या बायकांत? नको गं बाई. चुकलं बिकलं तर?"

"तू रोज तांदूळ मोजतेस तेव्हा चुकतेस का? चल ना, प्लीज, टाइम नाहीये."

ती पदर खोचून शिडी चढली. वर गेल्यावर तिने पर्समधून वातींचा कापूस काढला, दोन बोळे माझ्या कानात घातले, दोन स्वतःच्या, आणि शेजारच्या बाईने हात पुढे केला म्हणून तिलाही दिले. मग पुढच्या बाईला. कापूस बाकाच्या टोकापर्यंत गेला. खुद्द मिस अर्लीननी कानात बोळे घातले आणि आईला म्हणाल्या, "थँक यू, हनी." आईचा चेहरा मी तसा त्याआधी पाहिला नव्हता.

इथेच ती चूक झाली, आणि ती आमच्या घरातल्या माणसांशिवाय कोणाच्या हातून झाली नसती. आईच्या माहेरी ज्वारीची रास मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, अशी मापं पडतात. पहिलं माप शुभ, ते मोजल्याशिवाय सोडायचं नाही. तिथून आई सगळंच तसं मोजायची, तांदळाच्या वाट्या, दोरीवरचे कपडे, लोणच्याच्या बरण्या. मीही लहानपणी तसंच मोजायला शिकले. आता शर्यतीचा प्रकार असा, की गाड्या आधी एका पुढच्या गाडीमागे हळूहळू चालत येतात, मग हिरवा झेंडा हलतो आणि त्या सुसाट सुटतात. त्या वेळी त्या रेषेवरून जातात, पण तेव्हा फेरी पूर्ण झालेली नसते, सुरू झालेली असते. ते जाणं मोजायचं नाही. पूर्ण चक्कर मारून परत आल्या की एक. हे माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं की आईला सांगायचं राहूनच गेलं.

हिरवा झेंडा हलला. पहिल्याच वळणावर दोन गाड्या एकमेकींना घासल्या, सगळ्या बायका उभ्या राहिल्या, माझंही डोकं तिकडे. कानाशी आई म्हणाली, "लाभ," हाताला बोटाचा टोला बसला आणि माझ्या पेन्सिलीने एकावर काट मारली. मी खाली बघितलंसुद्धा नाही. पुढची खेप, "दोन." काट. "तीन." काट. आईने त्यानंतर एकही चूक केली नाही. दोन तास ती त्या लाल-पांढऱ्या गाडीवरून नजर न हलवता बसली, ओठ हलवत, बोट तयार ठेवून. मधे गाड्या टायर बदलायला आत गेल्या, दोन अपघात झाले, कोण कोणाच्या किती पुढे हे पायऱ्यांवरच्या कोणालाच सांगता येईना. वीस-बावीस वर्षांचा लॉनी नावाचा एक मुलगा निळी गाडी घेऊन शेजारच्या परगण्यातून आला होता, तो फार छान पळत होता. क्लाइड त्याच्यापासून अर्धी फेरी मागे दिसत होते. पण लॉनीची बहीण त्याच्या फेऱ्या मोजत होती, तिच्या कागदाशी ताडलं तर आमच्या कागदावर ते पुढे होते. मला वाटलं, लॉनी टायर बदलायला आत गेला तेव्हा मागे पडला असणार. मला तसंच वाटून घ्यायचं होतं.

आई म्हणाली, "एकशे नव्व्याण्णव," आणि एकच फेरी उरली की करायचा असं ठरलं होतं तसा मी हात वर केला. तो हात सगळ्यांत आधी वर गेला. मिस अर्लीननी खाली खूण केली. पुढच्या खेपेला सतरा नंबर रेषेवरून गेला आणि शर्यत संपल्याचा चौकटीचा झेंडा पडला.

त्यानंतरचा गोंधळ मी सांगू शकत नाही, इतका तो मोठा होता. रूबी गुडघे विसरून शिडी चढून वर आली आणि तिने आईला मिठी मारली. मग दुसरीने मारली, मग तिसरीने. ज्या बायका पाच वर्षं नुसत्या हसून पुढे जात होत्या त्या आईच्या पाठीवर हात फिरवत होत्या, तिच्या डब्यातली चटणी बोटाने चाखून डोळे पुसत होत्या. आई हसत होती आणि रडत होती. खाली क्लाइड खुर्चीत बसले होते, हेल्मेटने केस चिकटलेले, आणि आपले हात गुडघ्यांवर ठेवून त्यांच्याकडेच बघत होते. खुर्ची अजून उचलली नव्हती, कारण लॉनीच्या माणसांनी तक्रार केली होती.

मिस अर्लीन बाकावर एकेका जोडीपाशी आल्या. लॉनीच्या बहिणीच्या कागदावर एकशे नव्व्याण्णव होते. आमच्या कागदावर दोनशे. दोन्ही कागद स्वच्छ, कुठे खाडाखोड नाही. त्या आईसमोर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "शेला, तुझ्या आईला विचार. पहिला आकडा कधी मोजला? हिरवा झेंडा हलला तेव्हा, की एक चक्कर पूर्ण झाल्यावर?"

मी आईला विचारलं. आई लगेच म्हणाली, "हिरवा झेंडा हलला ना, तेव्हाच. पहिल्यांदा गेले तेव्हाच लाभ म्हटलं. का गं, काही चुकलं का?"

मला त्या क्षणी सगळं कळलं, अगदी स्पष्ट. एक जास्तीची फेरी. शर्यत अजून संपलेलीच नव्हती, आणि अर्धी फेरी पुढे असलेल्या मुलाची ती होती. मिस अर्लीन थांबल्या होत्या. रूबीचा हात अजून आईच्या खांद्यावर होता.

मी म्हणाले, "ती म्हणते, एक चक्कर पूर्ण झाल्यावर. करेक्ट मोजलंय."

मिस अर्लीननी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं. मग मिस अर्लीन म्हणाल्या, "ठीक आहे," आणि शिडी उतरून गेल्या. ऑर्गन वाजवणाऱ्या, देवाधर्माच्या बाई. एका मुलीने आईच्या नावावर खोटं बोलावं हे त्यांच्या मनात आलं नसणार. थोड्या वेळाने खुर्ची उचलली गेली.

मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला समजावलं की ते मी क्लाइड यांच्यासाठी केलं, अठरा वर्षांसाठी, त्या डोळ्यांसाठी. कधी म्हटलं, आईसाठी केलं, तिला त्या बायकांसमोर खाली मान घालायला लागू नये म्हणून. दोन्हींत थोडं खरं आहे. पण मुख्य कारण याहून हलकं होतं. ज्या गावातून मला रोज पळून जायचं होतं, त्या गावाने त्या दुपारी पहिल्यांदा मला आपलं म्हटलं होतं, आणि ते मला सोडवेना. मी भ्याले. लॉनी खाली आपल्या निळ्या गाडीला टेकून उभा होता. तो ओरडला नाही की भांडला नाही. बोटं दुमडून काहीतरी मोजत होता, मग मोजणं थांबवून त्याने हातमोजे गाडीत टाकले.

क्लाइड त्यानंतर पळले नाहीत. संध्याकाळी व्हरांड्यात त्या खुर्चीत बसायचे, आणि गॅरेज गप्प. ती शांतता मला रविवारपेक्षा वाईट वाटायची. मी पुढच्याच वर्षी शिकायला म्हणून गाव सोडलं आणि मग सहा शहरं बदलली. कुठेच टिकले नाही. अण्णा पाहुण्यांना मोठ्या आवाजात ती गोष्ट सांगायचे, आमच्या हिने मोजलं आणि क्लाइड जिंकला, वगैरे. गोष्ट सुरू झाली की आई स्वयंपाकघरात निघून जायची. मला वाटायचं, लाजते. गावातल्या बायका दर सप्टेंबरात तिला मोजायला बोलवायच्या. ती एकदाही गेली नाही. आवाज सोसत नाही म्हणायची.

काल दुपारी मी पुस्तिकेसाठी लिहिलेली दोन पानं आईला वाचून दाखवली. अण्णा गेल्यापासून ती माझ्याकडे असते. नव्वदीला आली आहे, पण गवार अजून स्वतः मोडते. मी वाचता वाचता तिला मराठीत सांगत होते. घड्याळ बंद पडलं, कापूस वाटला, दोनशे झाले, खुर्ची उचलली. शेवटचं वाक्य वाचून कागद खाली ठेवला.

ती म्हणाली, "आणि मधलं?"

"मधलं काय?"

"अर्लीनबाईंना तू काय सांगितलंस ते."

मी कागदाची घडी घालायला लागले.

"करेक्ट म्हणालीस तू. तेवढं इंग्रजी मला तेव्हाही येत होतं, शैला."

मला रडूच आलं. साठी उलटलेली बाई मी, पण टेबलावर डोकं ठेवून रडले. थोड्या वेळाने विचारलं, "मग तू बोलली का नाहीस?"

गवारीची शेंग तिने मोडली, शिरा काढल्या. "रूबी माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. वाटलं, हा हात आत्ता निघेल. म्हणून गप्प बसले. तू लेक माझी, तुझ्यावर ढकलून मी मोकळी झाले. चाळीस वर्षं मला त्याची लाज वाटतेय." मग तिने विचारलं, "त्या निळ्या गाडीवाल्या पोराचं नाव काय?"

"लॉनी."

"आहे का?"

"आहे. टायरचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. पुस्तिकेवाल्यांनी सगळ्या जुन्या ड्रायव्हर्सचे नंबर पाठवलेत."

"त्याला कधी मिळाली का ती खुर्ची?"

"नाही. पाच-सहा वर्षं पळाला. नाही मिळाली."

"फोन लाव."

"आई, आत्ता? काय सांगायचं त्याला? आधी मी नीट लिहून काढते, मग..."

"तू काही सांगू नकोस. तू एकदा सांगितलंस. आता मी बोलते."

मी नंबर लावला, स्पीकरवर टाकला आणि फोन गवारीच्या ताटाशेजारी ठेवला. पलीकडून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. आईने पदर सावरला आणि फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन एकेक शब्द सुटा सुटा बोलली.

"हॅलो, लॉनी? आय अ‍ॅम शैलाज मदर. सेव्हन्टीन नंबर. आय काउंटेड वन मोअर. आय काउंटेड राँग, अँड आय न्यू."

फोन कट झाला असं वाटून मी हात पुढे केला, तर आईने माझा हात बाजूला सारला.

मग तो म्हणाला, "येस, मॅम. त्या दिवशी मीही मोजत होतो."